पंख्याचं तोंड कुणाकडे?

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी, खंबाटकी घाटात, माझ्या बाइकच्या इंजिन ऑइलचं तापमान १३१ अंशांवरून ११८ वर आलं. ते मी स्वतः बसवलेल्या दोन पंख्यांनी आणलं होतं. घाट चढायला सव्वा तास लागला. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे आम्ही. मी हँडलवर चिकटवलेल्या इवल्याशा मीटरकडे बघत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. त्याच सव्वा तासात मागे बसलेल्या बाबांच्या उजव्या पोटरीवर फोड येत होता. त्यांना तो कळला नाही, कारण त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे आणि पायाची जाणीव कमी झालीय. मला कळला नाही, कारण माझं लक्ष मीटरवर होतं.

हा लेख भांडणाचा आहे, आणि भांडण दोन बाजूंशी आहे. एक बाजू टूरिंग बाइकला पंखा लावणाऱ्याला हसणारी. तिच्यात हेल्मेटला कॅमेरा लावून ज्ञान वाटणारे आहेत, ‘एवढी हीट नॉर्मल आहे’ म्हणणारे सर्व्हिस सेंटरवाले आहेत, आणि कधीकाळी मीही होतो. दुसरी बाजू पंखा लावला की काम संपलं असं समजणारी. तिच्यात तर मी परवापर्यंत होतो. पहिल्यांचं म्हणणं साफ चूक आहे. दुसऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. अर्धं बरोबर असणं किती महाग पडतं, ते मी दीड महिना रोज संध्याकाळी बाबांचं ड्रेसिंग बदलताना बघितलंय.

मांडीखालचे दोन गीझर

आधी मूळ गोष्ट. जिला आपण एअर-कूल्ड म्हणतो ती गाडी नुसत्या हवेने थंड होत नाही, वाऱ्याने होते. सिलिंडरभोवती ज्या पातळ पात्या दिसतात, त्या फिन्स, इंजिनाचा पृष्ठभाग वाढवण्यासाठी असतात. गाडी धावताना समोरून येणारा वारा त्यांच्यावरून उष्णता उचलून नेतो. गाडी थांबली की वारा थांबतो. ऑइल कूलर असला तरी त्याचंही तेच, तोसुद्धा वाऱ्याची वाट बघत बसतो. इंजिन मात्र चालूच राहतं.

मग उष्णता किती? हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. समजा इंजिन आयडलवर ताशी अर्धा लिटर पेट्रोल पितंय. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा असते. म्हणजे तासाला १६ मेगाजूल, म्हणजे जवळपास साडेचार किलोवॉट. गाडी जागची हलत नाही, त्यामुळे बाहेर काही काम होत नाही. ही सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते. आपल्या बाथरूममधला गीझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे सिग्नलला उभे असताना तुम्ही दोन चालू गीझरांवर बसलेले असता. त्यातली बरीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर पडते हे खरं, पण सायलेन्सरही तुमच्याच पायाजवळून जातो. घाटात पहिल्या गिअरमध्ये रांगताना तर पेट्रोल याहून कितीतरी जास्त जळतं, आणि वारा मात्र चालत जाणाऱ्या माणसाला लागेल तेवढाच.

एप्रिल २०२० पासून बीएस-६चे नियम आले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तो शक्य तितका इंजिनाजवळ बसवावा लागतो. धूर कमी व्हायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक जास्तीची शेगडी पायाशी आली, हे कुणी शोरूममध्ये सांगत नाही.

इंजिन जास्त तापलं की काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. तेल पातळ होतं. क्लच नीट सुटेनासा होतो आणि न्यूट्रल सापडत नाही. चढावर थ्रॉटल दिला की आतून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मग तुम्ही गाडी कडेला घेता, आणि मागून येणारा ट्रकवाला तुमच्याकडे ‘आणखी एक बुलबुल’ अशा नजरेने बघत निघून जातो.

‘पंखा स्कूटरला असतो’

आमच्या ग्रुपमधल्या एकाने तीन वर्षांपूर्वी गाडीला पंखे लावले. आम्ही त्याला ‘कूलरवाला’ म्हणायला लागलो. आमच्यातला एक जण म्हणाला, “पंखा स्कूटरला असतो. बाइकला वारा असतो.” वाक्य इतकं झकास होतं की त्यावर आम्ही वर्षभर हसलो. त्यातला अडाणीपणा कळायला मला बराच वेळ लागला.

स्कूटरला पंखा का असतो? १९४६ साली इटलीत पियाजिओने व्हेस्पा आणली. तिची रचना कोराडिनो द’अस्कानिओ या विमानांवर काम केलेल्या इंजिनिअरची. इंजिन मागच्या चाकापाशी, पत्र्याच्या आड. तिथे वारा पोचणारच नाही, हे त्याला कागदावरच दिसलं. म्हणून फ्लायव्हीललाच पात्या, आणि सिलिंडरभोवती पत्र्याचं आवरण. पंख्याची हवा त्या आवरणातून फिन्सवरूनच जायची, दुसरीकडे तिला वाटच नाही. इंजिन फिरतंय म्हणजे पंखा फिरतोय. वेगळी वायर नाही, स्विच नाही. हीच कल्पना पुढे आपल्याकडे बजाजच्या चेतकमध्ये आली. बाबांनी आईला मागे आणि मला पुढे उभं करून याच खंबाटकीतून चेतक कितीतरी वेळा वाईला नेली. ट्रक तेव्हाही होतेच.

रिक्षा बघा. लक्ष्मी रोडवर दिवसभर रांगते, तीन माणसं आणि त्यांच्या पिशव्या घेऊन. तिचं इंजिन मागे डब्यात बंद. बजाजच्या रिक्षांच्या इंजिनाला वर्षानुवर्षं पंखा आहे. ॲक्टिव्हाला आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलला होता. पोर्शे ९११चं इंजिन १९९८ पर्यंत हवेवर थंड व्हायचं आणि त्यावर हा मोठा पंखा असायचा. कुणी पोर्शेवाल्याला कूलरवाला म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणजे हसू पंख्याचं नव्हतंच. स्कूटर म्हणजे ऑफिस, भाजी, आई, कॉलेजातल्या मुली. बाइक म्हणजे उघडं लोखंड, वारा, दाढी आणि लेह. पंखा लावला की या दोन्हींमधली भिंत पडते, त्याची ती भीती होती. चटके सोसणं हा मर्दपणा आणि चटके का बसतात हे विचारणं हा नाजूकपणा, एवढंच त्या वाक्यात होतं. अमूल्य लोखंडाला घाम फुटला तरी चालेल, आपण रुमाल काढायचा नाही.

या मर्दपणाच्या माहेरी काय झालं तेही बघू. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या टूरिंग गाड्या परेडमध्ये माणसाच्या चालीने चालतात, तेव्हा भाजून निघतात. दोन सिलिंडर एकामागे एक, त्यामुळे मागच्याला वारा आणखी कमी. तिथल्या रायडर्सनी बाजारातले पंखे आणून इंजिनाच्या बाजूला बसवायला सुरुवात केली. कंपनी काय म्हणाली? तिने इंजिन तापल्यावर आयडलला मागच्या सिलिंडरचं जळणं बंद ठेवणारी सोय दिली. तिच्या स्वतःच्या ॲक्सेसरीज कॅटलॉगमध्ये असा पंखा आला. आणि २०१४च्या मॉडेलपासून काही टूरिंग गाड्यांच्या सिलिंडर हेडभोवती चक्क पाणी फिरायला लागलं, रेडिएटरसकट. ‘खरा रायडर’ या कल्पनेवर जिचा सगळा धंदा उभा आहे, त्या कंपनीलाही उभ्या गाडीची उष्णता हा खरा प्रश्न आहे हे मान्य करावं लागलं. आपल्याकडेही लांबच्या प्रवासाची म्हणून आलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये हवा आणि ऑइल कूलरवर होती. २०२३ मध्ये नवी ४५० आली ती रेडिएटर घेऊनच. माझी गाडी या दोन्हींपैकी नाही. पण दिशा कुठली आहे ते यातून दिसतं.

टेकडीवरचा पंखा

माझी गाडी कुठली ते सांगत नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये मी तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर एकच: “एअर-कूल्ड आहे सर, एवढं नॉर्मल आहे.” तिसऱ्या वेळी जॉबकार्डवर तसं लिहूनही मिळालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे उत्तर मला चांगलं ओळखीचं आहे, कारण मीसुद्धा ते देतो. ग्राहक तक्रार करतो, आम्ही कोड बघतो, कोड ठरल्याप्रमाणेच चाललेला असतो, आणि आम्ही तिकीट बंद करतो: ‘वर्किंग ॲज डिझाइन्ड’. यात खोटं काही नसतं. फक्त एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारत नाही, की मुळात डिझाइन कुणासाठी केलं होतं?

कोथरूडजवळच्या टेकडीवर एआरएआय आहे. देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या चाचण्या करून त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एक. धुराची चाचणी अशा प्रयोगशाळांत कशी होते? गाडी जागेवर बांधतात, मागचं चाक रोलरवर फिरतं, आणि रस्त्यावरचा वारा लागावा म्हणून गाडीच्या समोर एक मोठा पंखा ठेवतात. गाडीचा वेग वाढला की त्याचाही वेग वाढतो. यात लबाडी नाही. खरा रस्ता खोलीत आणायचा तर तेच बरोबर आहे. पण विचार करा. जागेवर उभ्या गाडीचं इंजिन चालवायचं असेल तर समोर पंखा हवा, हे प्रयोगशाळेला माहीत आहे. गाडी बनवणाऱ्याला माहीत आहे. फक्त आम्ही तोच पंखा वाकडच्या पुलाखाली लावला की ते हास्यास्पद ठरतं.

आणि आम्ही उभे असतोच. जाहिरातीत गाडी खारदुंगलाच्या वळणावर असते. माझी गाडी वर्षातले दहा दिवस डोंगरात आणि उरलेले सगळे हिंजवडी फेज थ्रीच्या रांगेत असते. आमच्यापैकी बहुतेकांना दोन गाड्या घेणं परवडत नाही. छत्तीस हप्त्यांत एकच घेतो, आणि तिच्याकडूनच लडाखही होतं आणि रोजचं ऑफिसही. हे कंपनीला ठाऊक नाही असं कुणी मला सांगू नये. गाडीची किंमत ठरवताना रेडिएटर, पंप, पंखा, पाइप हे सगळं टाळल्याने किती वाचतं, हे तिथल्या कुणीतरी एक्सेलमध्ये मांडलेलं असतं. त्या वाचलेल्या पैशांची उष्णता कुठे गेली? ती चालवणाऱ्याच्या मांडीवर गेली.

इथपर्यंत माझं पहिलं भांडण. या भागावर लाइक मिळतील, याची मला कल्पना आहे. दुसरं भांडण त्याहून अवघड आहे.

नाना पेठेतली इंजिनिअरिंग

माझी डिग्री मेकॅनिकलची. पुण्यात मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये जाणं हा वेगळा अनुभव नाही, जवळजवळ परंपरा आहे. हीट ट्रान्सफर हा विषय माझा एकदा राहिला होता आणि दुसऱ्यांदा जेमतेम सुटला. पण पंखा लावायचा ठरल्यावर अंगात अचानक इंजिनिअर संचारला. नाना पेठेत जाऊन दुसऱ्या एका बाइकच्या रेडिएटरचे दोन पंखे आणले. लोखंडी पट्टी वाकवून लेगगार्डला नटबोल्टने बसवले, दोन्ही डाव्या बाजूला. बॅटरीपासून वायर, हँडलवर स्विच. ऑइल कॅपच्या जागी तापमानाचा सेन्सर. एक रविवार गेला. फोटो काढून ग्रुपवर टाकले. कूलरवाल्या मित्राने हात जोडलेली स्मायली पाठवली.

पहिली चूक आठवड्याभरात कळली. एकेक पंखा साधारण तीन अँपिअर घेत होता, दोन मिळून सहा, म्हणजे सत्तरेक वॉट. गाडीचा हेडलाइट तर २०१७ पासूनच्या नियमामुळे कायम चालूच. बाइकचं मॅग्नेटो पूर्ण वीज देतं ते इंजिन जोरात फिरताना. आयडलला ती बरीच कमी असते. म्हणजे पंख्याची गरज सगळ्यात जास्त जेव्हा, नेमकी तेव्हाच वीज सगळ्यात कमी. भूमकर चौकात बॅटरी बसली आणि गाडी ढकलत नेली, तेव्हा हे प्रात्यक्षिकासह समजलं. मग रिले, फ्यूज आणि तापमान बघून आपोआप चालू-बंद होणारा स्विच बसवला, जो पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. फ्यूजशिवाय बॅटरीची थेट वायर पेट्रोलच्या टाकीखालून नेणारे माझ्यासारखे डिग्रीवाले या शहरात आणखी किती असतील, याचा विचार नकोसा वाटतो.

दुसरी चूक द’अस्कानिओला कधीच झाली नसती. मी फक्त पात्या आणल्या होत्या, आवरण आणलं नव्हतं. उघड्यावर लावलेल्या पंख्याची हवा फिन्सच्या अरुंद फटींत शिरत नाही. ती सोपी वाट धरते आणि इंजिनाच्या वरून, खालून, बाजूने निघून जाते. पंख्यासमोरची बाजू थंड, पलीकडची तापलेलीच. तरी तेरा अंश उतरले, कारण काहीच वारा नसण्यापेक्षा थोडाही वारा बरा. त्या तेरा अंशांवर मी खूश होतो.

तिसऱ्या चुकीचं नाव बाबा.

हवा गेली कुठे

वाईला आत्याकडे कार्य होतं. आई आदल्या दिवशीच एसटीने गेली होती. बाबा म्हणाले, “तुझ्या गाडीवर येतो, बघू तरी काय एवढं आहे.” सुती पँट, चपला. शिरवळ सोडलं आणि घाटाच्या अलीकडेच रांग लागली. तापमान वाढलं, स्विच लागला, पंखे घोंघावायला लागले. मी मान वळवून ओरडलो, “बघा बाबा, आपोआप!” ते म्हणाले, “चेतकलाही होता की रे पंखा.” मला तेव्हा त्यात फक्त म्हातारपणीचा हट्ट ऐकू आला.

माझे पंखे डावीकडून उजवीकडे हवा मारत होते. इंजिनावरून तापलेली ती हवा उजवीकडे बाहेर पडत होती, सायलेन्सरच्या पाइपावरून जाताना आणखी तापत होती, आणि मागच्या उजव्या फूटरेस्टवर ठेवलेल्या पोटरीवर जात होती. माझा पाय पुढे होता. मला उलट बरंच वाटत होतं. नंतर घरी, पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून मी त्या जागी थर्मामीटर धरला. पंखे बंद असताना ४७ अंश. चालू असताना ६४. कातडी भाजायला उकळतं पाणी लागत नाही. एवढं तापमान आणि भरपूर वेळ असला की पुरतं. चटका बसला की निरोगी माणूस पाय काढून घेतो. बाबांना चटका पोचलाच नाही.

आत्याच्या ओसरीवर त्यांनी पँट वर केली तेव्हा आईनेच बघितलं. रुपयाएवढा फोड, भोवती लाल. डायबेटिस असलेल्याच्या पायावरचा फोड म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी जो शब्द वापरला नाही तो आम्ही सगळ्यांनी मनात ऐकला. दीड महिना लागला. भरलं. सगळ्यांचं भरतंच असं नाही.

बाबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणून आता मी स्वतःला देतो. हीट ट्रान्सफरच्या पहिल्या तासाला सांगतात ती गोष्ट मी विसरलो होतो: उष्णता पुसून टाकता येत नाही, ती इथून तिथे नेता येते. पंखा इंजिन थंड ‘करतो’ असं आपण म्हणतो. तो उष्णता हलवतो. मग पुढचा प्रश्न आपोआप यायला हवा की हलवून कुठे? मी तो विचारला नाही, कारण माझ्याकडे एकच सेन्सर होता आणि तो इंजिनात होता. जे मोजलं तेच मला दिसलं. तेरा अंश मीटरवरून उतरले, ते बाबांच्या पायावर चढले.

आता साखळी बघा. कंपनीने खर्च वाचवला आणि उष्णता चालवणाऱ्याकडे ढकलली, वर म्हणाली ‘नॉर्मल आहे’. चालवणाऱ्याने पंखा लावला आणि ती मागे बसणाऱ्याकडे ढकलली, वर म्हणाला ‘बघा, आपोआप!’ मागे बसणाऱ्याकडे ढकलायला कुणी नसतं. आपल्या देशात मागे बसतं कोण? आई, बायको, वडील, बहीण. साडीत, सुती पँटमध्ये, चपलांत. रायडिंग बूट आणि नी-गार्ड पुढच्याच्या अंगावर असतात. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर जी मुलगी उभी असते, तिच्याही पायावर आपलीच हवा जाते. आपल्याला चटके देणाऱ्याला शिव्या घालण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण तेच चटके पुढे सरकवून झाल्यावर हा हक्क जरा कमजोर होतो.

मग पंखा काढला का?

नाही. आणि तुम्हालाही काढा म्हणणार नाही. जे म्हणतील, ‘बघा, म्हणूनच आम्ही सांगत होतो’, त्यांनी परत वर जाऊन दोन गीझरांचा हिशेब वाचावा. पंखा नसताना ती उष्णता कमी नसते. ती इंजिनात आणि तुमच्या मांडीत असते. उपाय चूक नव्हता, अर्धा होता.

उरलेला अर्धा मी दोन महिन्यांत केला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण बनवून घेतलं, हवा फिन्सवरूनच जाईल असं. दोन पंख्यांऐवजी एकच ठेवला, आणि तेलाचं तापमान पहिल्याइतकंच उतरतं. आवरणाची किंमत त्यात कळते. बाहेर पडणारी हवा खाली आणि आत, इंजिनाच्या पोटाखालून जाईल असं पत्र्याचं तोंड वळवलं. सायलेन्सरवर, मागच्या पायापाशी, जाड संरक्षक पत्रा लावला. मागच्या फूटरेस्टपाशी आता पंखा चालू असताना ४२ अंश येतात. हा आकडा मी आधी बघतो, तेलाचा नंतर. आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट: रांग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबणार असं दिसलं की इंजिन बंद. बंद केल्यावर हेड थोडा वेळ आणखी गरम लागतं, पण नवी उष्णता तयार होणं थांबतं. पेट्रोलही वाचतं. चढावर ट्रकच्या मधोमध हे नेहमी जमत नाही, म्हणून पंखा.

पण हे सगळं मी का करायचं? पत्रे कापणं, पार्किंगमध्ये थर्मामीटर धरून बसणं, वायरिंगची वॉरंटी गमावणं? जो टूरिंग गाडी विकतो त्याने उभ्या गाडीचं तापमान का सांगू नये? मायलेज सांगता, टॉर्क सांगता. ४० अंशांच्या उन्हात वीस मिनिटं आयडलवर ठेवल्यावर चालवणाऱ्याच्या मांडीपाशी किती अंश आणि मागच्याच्या पोटरीपाशी किती अंश, हे दोन आकडे ब्रोशरमध्ये छापा. छापायची लाज वाटत असेल तर आवरणासकट, फ्यूजसकट, हवेची दिशा तपासलेला पंखा ॲक्सेसरी म्हणून द्या. पैसे घ्या, आम्ही देऊ. टाकीवरच्या पिशव्या, बार-एंडचे आरसे आणि ‘एक्सप्लोरर’ छापलेले टी-शर्ट जर विकता येतात, तर हेही येईल. आणि ते होईपर्यंत ‘नॉर्मल आहे’ हा शब्द जॉबकार्डवर लिहू नका. आमच्या घाटात, आमच्या उन्हात, आमच्या वडिलांना मागे बसवून जे होतं त्यासाठी डिझाइन केलं नव्हतं, एवढं कबूल करा. मीही माझ्या कामावर यापुढे तिकीट बंद करण्याआधी तेवढं कबूल करणार आहे.

बाबा अजून गाडीवर बसलेले नाहीत. आई बसू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे. परवा ते खाली पार्किंगमध्ये आले होते. नवं आवरण त्यांनी वाकून, चष्मा कपाळावर चढवून बघितलं. हात लावून हवा कुठून शिरते आणि कुठून निघते ते बोटाने दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. म्हणाले, “आता चेतकसारखं झालं.”

यापुढे कुणी पंखा बसवल्याचा फोटो पाठवला तर हसू नका. तापमान किती उतरलं तेही नंतर विचारा. आधी विचारा की त्याचं तोंड कुणाकडे आहे.